दुपारचा दाणा

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालाच्या परसात कुणी पाऊल टाकलं, की घरातून आधी चप्पल यायची आणि मग खाला. ती चप्पल मी स्वतः दोनदा खाल्ली आहे. एकदा खोकला आवरला नाही म्हणून, आणि एकदा मुद्दाम शीळ घातली म्हणून. दुसऱ्या वेळी चूक माझीच होती, हे आता ऐंशी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. जुन्नरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली स्टॉकमन म्हणून नुकताच चिकटलो होतो, आणि कोंबड्यांमधलं माझ्याइतकं या तालुक्यात कुणालाच कळत नाही अशी माझी खात्री होती. का नसावी? पुण्याला राहून कुक्कुटपालनाचा सहा आठवड्यांचा वर्ग केला होता ना!

मला खोली मिळत नव्हती. अंगाला फिनेल आणि गुरांच्या मलमांचा वास. दोन घरमालकांनी तर उंबऱ्यावरूनच हात जोडले. शेवटी खालाच्या दारात गेलो, तर तिनं मला हुंगलं. खरंच, जवळ येऊन नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, “ऱ्हा. माझ्या परसात साठ कोंबडे हाईत. त्यांच्यात तुझा वास कुनाला कळतोय?” मग अटी सांगितल्या. नाल ठोकलेले बूट घालायचे नाहीत. दुपारी मोठ्यानं बोलायचं नाही. परसातल्या कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही. तिसरी अट तिनं पुन्हा एकदा सांगितली. माझं तोंड बघून तिला तेव्हाच संशय आला असावा.

साठीची बाई, काटक, उंच, आणि डोक्यावर कायम ओला पंचा. विधवा होती. मुलगा आणि सून एकाच साथीत गेले, मागं एक नात राहिली, ती हिनं वाढवली. सासरचं घराणं कागद करणाऱ्यांचं. तो धंदा कधीच बसला होता, पण परसात लगदा भिजवायचा जुना दगडी हौद तेवढा शिल्लक होता. त्या हौदातलं पाणी चैत्रातसुद्धा हाताला गार लागायचं, आणि ते फक्त कोंबड्यांसाठी. मी एकदा त्यात पाय बुडवून बसलो तर तिनं तीन दिवस माझ्याशी भाषण केलं नाही. गल्लीत हिंदू असो मुसलमान असो, सगळ्यांची ती खालाच, म्हणजे मावशी. लग्नकार्य असलं, पाहुणे यायचे असले, जत्रा असली, की लोक खालाकडं कोंबडा सांगून ठेवायचे. अंड्यांचा तिला तिटकारा. “अंडं काय, कुनीबी इकतं. कोंबडा वाढवून दाखवा.”

माणसांशी ती अरेतुरेत बोलायची. कचेरीतला कारकून असो नाहीतर मशिदीतले मौलवीसाहेब, सगळ्यांना एकच माप. कोंबड्यांशी मात्र लई अदबीनं. फटफटायला लागलं की परसातून आवाज यायचा, “आइए, तशरीफ लाइए, नाश्ता हो जाए.” एकदा मी अंथरुणातूनच ओरडलो, “खाला, मला कधी तशरीफ म्हणाली नाहीस!”

“तू कुठं कुनाच्या दावतीत ताटात जानार हाईस?” ती आतून म्हणाली. “त्यांचा मान वायला.”

तिचा एक नियम होता आणि तो फाल्गुन संपला की सुरू व्हायचा. पहाटेचा नमाज झाला की पहिल्या उजेडात कोंबड्यांना भरपूर खायला: ज्वारीच्या कण्या, ताकात कालवलेला कोंडा, नदीकाठची घोळीची भाजी बारीक चिरून. ऊन परसातल्या भिंतीवरून खाली उतरून जमिनीला टेकलं, की सगळी भांडी उचलून घरात. त्यानंतर दुपारभर दाण्याचा कण नाही. नुसतं पाणी, तेही मातीच्या पसरट परळांत, तासातासानं बदललेलं. खुराड्यात कुकडी नदीतली ओली वाळू पसरलेली, वर पत्र्यावर उसाचं पाचट, त्यावर पाण्याचा शिपका. ऊन मावळतीच्या किल्ल्याकडं कललं, असरची म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली, की मगच पुन्हा दाणा.

मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. माझ्याकडं वर्गात मिळालेला सायक्लोस्टाईलचा तक्ता होता. मी तो माझ्या खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूनं डकवला होता, म्हणजे येताजाता तिला दिसावा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तिन्ही वेळा दाणा, तोलून. मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “ज्यानं लिवलं त्यो बाराच्या उन्हात पत्र्याखाली बसला व्हता का?”

“असं बसून थोडंच लिहितात, खाला?”

“मंग कसं लिवत्यात?”

ती स्वतः मात्र बसायची. खरोखर, चेष्टा नाही! उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोज भर दुपारी खुराड्यात गोणपाट टाकून घटकाभर बसून यायची. “जितं मला बसवंना तितं कोंबडा कसा बसंल?” बाहेर आली की कुठं पाचट वाढवायचं, कुठली फळी काढून वारा घ्यायचा, ते ठरवायची. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण त्याच बायकांचे कोंबडे वैशाखात माना टाकायचे आणि खालाचे नाही, हेही त्यांना दिसत होतं. मलाच तेवढं दिसत नव्हतं.

हा दुपारचा नियम तिनं माणसांनाही लावला होता. भर बाराला कुणी पाहुणा आला तर त्याला ओसरीवर सावलीत बसवायची, दोन तांबे पाणी द्यायची, आणि जेवणाचं नाव नाही. “उन्हातनं आलाय, पोटात आगीवर आग नको,” एवढंच बोलायची. एकदा माझा चुलता आमच्या गावाहून, पठारावरच्या आण्याहून आला होता. त्याला तिनं असं चार वाजेपर्यंत बसवून ठेवलं. तो परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “राव, तुझी मालकीन लई चिकट दिसती.” चारनंतर त्यानं जे चापलं होतं ते मात्र विसरला.

बाजरीवर तिचा दात होता. माझ्या आईनं माझ्यासाठी आमच्या पठारावरची बाजरी पोतंभर पाठवली होती. त्यातली पायली दोन पायली मी खालाला कोंबड्यांसाठी देऊ केली. तिनं मूठभर घेतली, वास घेतला, चांगली आहे म्हणाली आणि परत माझ्या पोत्यात टाकली. “थंडीत दे. आता ही पोटात निखारा व्हती.” मला राग आला. आईनं निवडून पाखडून पाठवलेली बाजरी, आणि ही कोंबड्यांनासुद्धा नको म्हणते!

माणूस दाणा कसा टाकतो यावरून ती त्याची पारख करायची. नातीला पहिलं स्थळ आलं ते नारायणगावच्या बाजूचं, चांगलं खातंपितं. मुलगा परसात आला, खालानं त्याच्या हातात कण्यांनी भरलेलं सूप दिलं. त्यानं उभ्या उभ्या, लांबून मूठभर भिरकावल्या. खालानं सूप काढून घेतलं आणि चहाही न देता स्थळ वाटेला लावलं. दुसरं स्थळ घोडेगावचं, मुलाचं शिलाईचं दुकान. त्याच्याही हातात सूप. हा पोरगा खाली उकिडवा बसला, आधी परळात पाणी आहे का ते पाहिलं, परळ ओढून कोंबड्यांच्या जवळ केलं, आणि मग ओंजळ जमिनीला टेकवून कण्या सोडल्या. खाला आत जाऊन नातीला म्हणाली, “जमलं गं.” नातीनं त्याला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

घोडेगावची मंडळी बोलणी करायला आली त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. मुलाचे आजोबा भला माणूस, पांढरी दाढी, हळू बोलणारे. ते म्हणाले, “पोरीला आईबाप नाईत. समधन, दावतीचं वजं तुमी घेऊ नगा. बकरी आमी घोडेगावातनं आनतो.” त्यांनी हे चांगल्या मनानंच म्हटलं होतं. पण खाला ताठ झाली.

“माझ्या नातीच्या लग्नात माझ्या हातचे कोंबडे शिजतील,” ती म्हणाली. “साठ. बाजारातला एक बी नसंल. तुमी फकस्त जेवायला या.”

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, “खाला, आणत होते तर आणू द्यायचं की.” तिनं पाहुण्यांचे कप गोळा केले. मग म्हणाली, “उद्या तिकडं गेल्यावर कुनी तिला म्हनायला नको, की तुझ्या लग्नात बी आमी आमचंच खाल्लं. तिच्याकडनं बोलाया मागं कोन हाय? मी किती दिस पुरनार?” त्यानंतर मला ते साठ कोंबडे निराळेच दिसायला लागले. गल्लीतही सगळ्यांना ठाऊक झालं, की खालाच्या परसात आता नातीची इज्जत चरते आहे.

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. लग्न ईदेनंतर आठव्या दिवशी. खाला आणि नात दोघींचे रोजे, आणि कोंबडेही पहाटे आणि असरनंतरच खाणारे. त्यामुळं गल्लीतली टवाळ पोरं म्हणायला लागली, “खालाचे कोंबडे रोजे धरत्यात.” खाला चिडायची. “जनावरावर रोजा नसतो. थट्टा करू नगा. ही उन्हाची रीत हाय, आनि त्यांचं पानी मी एक घटका बी तोडत न्हाई.”

पहिल्या आठवड्यातच एका दिवशी तिला घोडेगावला जावं लागलं. सकाळच्या मोटारीनं जायचं, संध्याकाळच्या मोटारीनं यायचं. जाताना मला काही सांगितलं नाही, नातीला सांगितलं. नात दुपारपर्यंत पाणी बदलत, शिपके मारत राहिली. मग रोजानं आणि रात्रीच्या जागरणानं तिला ग्लानी आली. “डॉक्टर, मी घटकाभर पडते. परसात जाऊ नका हां,” असं सांगून ती आत गेली. मला ती डॉक्टरच म्हणायची. मी मान हलवली. माझी सुट्टी होती.

मी खिडकीतून पाहिलं. कोंबडे चोची उघड्या टाकून बसलेले, पंख अंगापासून सोडलेले, गळे लकलक हलताहेत. माझ्या मनात आलं, हे भुकेनं आ वासून बसलेत! बाई हट्टाला पेटली आहे आणि मुकी जनावरं उपाशी मरताहेत. दार उघडलं, बाहेरच्या तक्त्यावर बारा लिहिलेलं, आणि बाराच वाजलेले. मला अगदी भरून आलं हो. मी पोतं सोडलं आणि दोन पायली बाजरी परसात नेऊन ओतली.

काय झडप घातली त्यांनी! बसलेले साठच्या साठ उठले, एकमेकांच्या अंगावर चढले, सावली सोडून उन्हात आले, झुंजले. आणि तडस लागेपर्यंत पोटं भरली. मी समाधानानं खोलीत येऊन पडलो. मी मनात अहवालसुद्धा लिहायला घेतला होता: अमुक पद्धतीनं अमुक सुधारणा.

दोनच्या सुमाराला धप्प असा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. गेलो तर दोन कोंबडे आडवे, तिसरा पाय झाडत होता. बाकीचे धापा टाकताहेत, माना मागं टाकून. मी बोंबललो. नात धावत आली, जमिनीवरची बाजरी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. “हौदातलं पानी काढा,” एवढंच म्हणाली. मग आम्ही दोघं एकेक कोंबडा उचलून त्याचे पाय पाण्यात धरत होतो, तुरे भिजवत होतो, ओल्या गोणपाटाखाली दूरदूर बसवत होतो. तिच्या ओठांना कोरड पडलेली, रोजा चालू, आणि हातातून गार पाणी वाहतंय. तिनं एक थेंब तोंडाला लावला नाही. ऊन उतरेपर्यंत चौदा गेले. आपणहून मेलेला कोंबडा त्यांच्यात खात नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला द्यायची मला लाज वाटली. मागच्या कुंपणाशी खड्डा खणून मी ते पुरले.

खाला मोटारीतून उतरून आली ती हसतच आली, तिकडचं सगळं ठरलं होतं. मग तिला ओली माती दिसली.

“किती?”

“चौदा.”

“काय घातलं?”

“बाजरी.” मी खाली बघत होतो. “बारा वाजता.”

ती आत गेली. अजान झाली, तिनं खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि रोजच्यासारखी माझी ताटली माझ्या दाराशी आणून ठेवली. चप्पल मारली असती तर परवडलं असतं. मी ती ताटली बघत बसलो. थोड्या वेळानं ती परत आली. “उद्या रजा काढ,” म्हणाली. “उद्या दुपारी माझ्याकडं जेवायचं.”

मला वाटलं, माफ केलं. कसलं काय!

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तिनं मला खुराड्यात पत्र्याखाली गोणपाटावर बसवलं आणि पुढं बाजरीच्या तीन जाडजूड भाकरी, पिठलं आणि लसणीचा ठेचा ठेवला. स्वतः उपाशी राहून, चुलीपुढं बसून तिनं ते केलं होतं. “खा. तक्त्यात लिवलंय न्हवं बाराला? सगळं संपव.” मी मुकाट्यानं संपवलं. “आता असरपतूर उठायचं न्हाई.” आणि ती समोर तसबीह, जपाची माळ, घेऊन बसली.

पहिला अर्धा तास मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या. मग शिव्या द्यायचीही ताकद राहिली नाही. पोटातून भट्टी पेटल्यासारखी झाली. सदरा काढला, मग बनियन काढलं. घाम डोळ्यांत उतरला, छाती उडायला लागली, तोंड आपोआप उघडलं. दीडच्या सुमाराला मी चक्क आ वासून, हात अंगापासून लांब करून बसलो होतो. आणि समोर माझ्यासारखेच, चोची उघड्या, पंख सोडलेले, शेहेचाळीस कोंबडे. फरक एवढाच, की त्यांची पोटं हलकी होती आणि ते शांत होते. अरे, हे खायला मागत नाहीत! हे अंगातली उष्णता बाहेर टाकताहेत, आणि मी काल वरून आणखी सरपण घातलं. हे डोक्यात आलं तेव्हा मला रडू फुटलं. बावीस वर्षांचा बाप्या, उघडाबंब, कोंबड्यांत बसून रडतोय.

खालानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी म्हणालो, “तू तर पहाटेपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीस गं.”

“माझं सोड. माझी सवय वायली. तू त्यांचं बघ.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला तिथंच पुन्हा बसवलं, पहाटे जेवलेल्या पोटी, नुसत्या पाण्यावर. ऊन तेच, पत्रा तोच, पण आता मला तिथं बसवत होतं, चांगलं बसवत होतं.

मी तो तक्ता दारावरून काढला आणि आमच्या डॉक्टरसाहेबांपुढं ठेवून सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा लावून तो खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हवामान पाहून वेळांत योग्य तो बदल करावा.’ सहा महिने तो कागद माझ्या दारावर होता आणि मी वरचे आकडे सोडून काही वाचलंच नव्हतं. साहेब म्हणाले, “आता हा बदल तूच लिही.” मी लिहिला. पुढं तीस वर्षांच्या नोकरीत शिनोलीच्या वरच्या गावांपासून आमच्या पठारापर्यंत जिथं जिथं गेलो, तिथं पहिल्यांदा तेच सांगितलं. लोक विचारायचे, “सायेब, ह्ये कंच्या पुस्तकात हाय?” मी सांगायचो, जुन्नरच्या एका म्हातारीच्या.

पण ते पुढचं. तेव्हा प्रश्न चौदा कोंबड्यांचा होता, आणि हाताशी जेमतेम महिना होता. मी आण्याला गेलो, आईला सगळं सांगितलं. आई माझ्यावर कडाडली, “बाजरी मी खायाला धाडली का कोंबडं माराया?” आणि पदर खोचून वाडीत निघाली. कुणाकडून एक, कुणाकडून दोन, असे चौदा कोंबडे संध्याकाळपर्यंत अंगणात जमले. एकानंही मोबदला मागितला नाही. लग्नाच्या पोरीसाठी आहेत म्हटल्यावर लोक निवडून देत होते. आणायचे मात्र मोटारीच्या टपावरून. मी त्यांना आदल्या संध्याकाळनंतर काही खाऊ घातलं नाही, पहाटेची पहिली मोटार धरली, डालग्यांवर ओली गोणपाटं टाकली आणि दर थांब्याला टपावर चढून पाणी शिंपडलं. कंडक्टर वैतागला. “ओ पावणं, कोंबडी हाईत का नवरदेव?” मी म्हटलं, नवरीकडचे आहेत. जुन्नरला उतरलो तेव्हा चौदाच्या चौदा उभे होते.

खालानं एकेकाच्या पंखाखाली हात घालून पाहिलं. हाडकुळे होते बिचारे.

“ह्ये माझ्या हातचे न्हाईत,” ती म्हणाली.

मी डालगं पुन्हा उचललं. “मग काय करू? परत नेऊ?”

“परत कशाला? तू वाढव. मी हात लावनार न्हाई.”

आणि नाही लावला. माझ्या चौदांना तिनं परसाचा एक कोपरा तोडून दिला. मी पहाटे तिच्याबरोबर उठायला लागलो. कण्या भिजवल्या, ताक मागून आणलं, नदीवरून वाळू वाहिली, दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातून पळत येऊन परळं बदलली. ईदेच्या आदल्या आठवड्यात तीन दिवस वारा अगदी पडला होता. पान हलत नव्हतं. त्या तीन दिवसांत गल्लीत किती घरचे कोंबडे गेले, मला मोजवलं नाही. मी पाण्यात गूळ आणि मिठाची कणी घातली, पत्र्यावर दर घटकेला पाणी मारलं आणि रजा टाकून त्या कोपऱ्यात त्यांच्याशेजारी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. माझा एकही गेला नव्हता. खालानं कुंपणापलीकडून पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं, बाई निदान बरं तरी म्हणेल! मी दिवसभर तिच्यावर रुसून होतो.

लग्न लागलं. असरनंतर मंडपात दस्तरखान पसरले, घोडेगावची मंडळी पहिल्या पंगतीला बसली. रश्शाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. मी परात घेऊन वाढत होतो. आजोबांनी दोन घास खाल्ले, मान डोलावली, आणि मग हात थांबवून म्हणाले, “समधन, दावत झकास हाय. पन एक इचारू? आमच्या कानावर आलं व्हतं, का तुमचे चौदा कोंबडे उन्हानं गेले. आन् इतं तर साठ शिजल्यात म्हनं. सगळे तुमच्याच हातचे का?”

बोलणं थांबलं. पडद्याआड बायकांमध्ये नात बसली होती, तिकडूनही बांगड्यांचा आवाज बंद झाला. मी परात धरून उभा. खोटं बोल, खाला, मी मनात म्हणत होतो. एकदा हो म्हण. कोण बघायला आलंय? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि सगळं माझ्यामुळं झालंय.

“न्हाई,” खाला म्हणाली. “चौदा माझ्या हातचे न्हाईत.”

मंडपात कुजबुज झाली. तिनं ओला पंचा डोक्यावर सारखा केला आणि बोट माझ्याकडं केलं.

“ते ह्या पोराच्या हातचे हाईत. आन् हा पोरगा माझ्या हातचा हाय.”

आजोबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पडद्याच्या दिशेनं बघून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मंग पोरीला भाऊ बी हाय की!” आणि बाजूला सरकून दस्तरखानावर त्यांनी माझ्यासाठी जागा केली.